नकार असेल तरच कळवा

आज सकाळी दूधवाला आधी ऐकू आला, मग दिसला. मोटरसायकलीला अडकवलेल्या केनांचा खडखडाट जिन्याखाली थांबला, पाठोपाठ खोकला आला, आणि बऱ्याच वेळाने मफलर गुंडाळलेलं एक तोंड कोहऱ्यातून वर आलं. मी पातेलं पुढे केलं, पण डोळे त्याच्या मापावर ठेवले. वीस वर्षं हाच माणूस आमच्याकडे दूध घालतो आणि वीस वर्षं मी त्याच्या मापाकडे बघते. "आंटीजी, अब तो भरोसा कर लो," तो म्हणाला. मी म्हटलं, "भरोसा है भैया, पर देखने में क्या जाता है?" तो हसला. त्या हसण्याचाही मला जरा संशय आला.

माझा स्वभावच असा. मटारची शेंग दाबून बघितल्याशिवाय मी पिशवीत टाकत नाही. गजकवाल्यानं तिळाच्या वडीचा तुकडा चवीला दिला तर तो मुद्दाम ताज्या घाण्यातला देतो आणि खोक्यात परवाचा भरतो, असं मला वाटतं. म्हणून मी खोक्यातला तुकडा मागून घेते. आमचे हे म्हणतात, देवानं हिला डोळे बघायला दिले नाहीत, तपासायला दिले. घरातली पोरंटोरंही चेष्टा करतात. मी मनावर घेत नाही. संशयी माणसाची थट्टा सगळे करतात आणि घर घ्यायचं झालं की कागद वाचायला त्यालाच बोलावतात.

डिसेंबर सरत आला की ग्वाल्हेरात कोहरा उतरतो. पुण्याकडचे नातेवाईक त्याला धुकं म्हणतात आणि किती छान वगैरे म्हणतात. आमच्या कोहऱ्यात छान काही नसतं. आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काढावेत तर सकाळपेक्षा ओले. दिल्लीची सकाळची गाडी संध्याकाळी येते. टेम्पो भर दुपारी दिवे लावून बाड्याच्या चौकाकडे जातात. कंपू मोहल्ल्यातल्या आमच्या गच्चीवरून एरवी किल्ला इतका समोर असतो की त्याच्याकडे कुणी बघतही नाही. या दिवसांत तो पुरता नाहीसा होतो, आणि कुणी नव्या पाहुण्यानं विचारलंच तर हात कुठल्या दिशेला करायचा याचा क्षणभर विचार करावा लागतो. एवढा मोठा डोंगर रातोरात कुठे जाणार? तो तिथंच असतो. पण दिसेनासा झाला की मी उगाच गच्चीवर जाऊन बघून येते.

हा मोसम आला की तीन वर्षांपूर्वीचा हिवाळा माझ्या अंगावर येतो. त्या हिवाळ्यात मी जितका संशय घेतला तितका आयुष्यात कधी घेतला नव्हता. साहेबांचा घेतला, जहाजाच्या कप्तानाचा घेतला, मुंबईच्या कचेरीचा घेतला, टेलिफोनवरच्या हसण्याचा घेतला.

तेव्हा मी सिटी सेंटरमध्ये एका जहाजवाल्या कंपनीत नोकरीला होते. ग्वाल्हेरात जहाजांची कचेरी, असं सांगितलं की लोक हसतात. मुलाखतीला गेले तेव्हा मलाही वाटलं होतं, हे काहीतरी चिटफंडाचं प्रकरण असणार. पण झालं होतं ते साधंच. मालक मुंबईचे, सासुरवाड ग्वाल्हेरची. मेहुण्यांना काहीतरी लावून द्यायचं होतं आणि इथं जागा स्वस्त. म्हणून तीन जहाजांचा पत्रव्यवहार आणि कुठलं जहाज कुठल्या वाटेनं न्यायचं याचे तक्ते, हे सगळं एका बँकेच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर चालायचं. मेहुणे म्हणजे आमचे भदौरिया सर. माणूस गोड. गोड माणसांपासून मी चार हात लांब असते, पण ते खरंच सगळ्यांच्या आजारपणाची चौकशी करायचे आणि दर सोमवारी कचोऱ्या मागवायचे. भिंतीवर जगाचा मोठा नकाशा होता. समुद्र मी आयुष्यात एकदाच बघितला, लग्नानंतर, आणि तेव्हाही साडी भिजेल म्हणून लांब उभी राहिले होते.

विलास माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा तो दहावीत होता आणि माझ्यापाशी बसून गणितं सोडवायचा. उत्तर आलं की वही माझ्यापुढे सरकवायचा आणि मी मान हलवेपर्यंत पुढचं गणित घ्यायचा नाही. पुढे आयटीआय केलं, दोन-चार कारखान्यांत उमेदवारी केली, कुठे टिकेना. मग मीच सरांना सांगून त्याला कंपनीच्या जहाजावर लावून दिलं. इंजिनखोलीत तेलपाणी बघायचं काम. त्याला ऑइलर म्हणतात. आम्ही कदम कधीकाळी दख्खनेतून फौजेबरोबर इकडे आलेले. घोडे गेले, तलवारी गेल्या, आता कुणी पोस्टात तर कुणी विमा कंपनीत. विलास जहाजावर गेला तेव्हा थोरल्या चुलतसासऱ्यांना केवढा आनंद झाला होता. घराण्यात कुणीतरी पुन्हा मुलुखगिरीला निघालं, म्हणाले.

त्या हिवाळ्यात एडनच्या आखातात आणि सोमालियाच्या अंगाला चाच्यांच्या होड्या पुन्हा दिसू लागल्या होत्या. मधली काही वर्षं सगळे निर्धास्त झाले होते. आता पुन्हा कुठे शिडी टाकून लोक चढले, कुठे खलाशी धरून नेले, अशा बातम्या रोज यायच्या. आमचं एक जहाज युरोपाकडे माल घेऊन निघालं होतं. विलास त्याच जहाजावर होता. दोन वाटा होत्या. एक आखातातून, जवळची. दुसरी आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून, दहा-बारा दिवस जास्त. दोन्ही वाटांचा तक्ता मी तयार केला. डाव्या बाजूला वळशाचं जादा इंधन, जादा दिवसांचं भाडं. उजव्या बाजूला वाढीव विमा, धोक्याच्या दिवसांचा खलाशांना दुप्पट पगार, बंदूकधारी पहारेकरी, कठड्याला गुंडाळायची काटेरी तार. बेरीज केली तरी उजवी बाजू हलकी निघाली. सरांनी तक्ता हातात घेतला, पेन्सिलीनं पहारेकऱ्यांच्या ओळीवर रेघ मारली, आणि ती आणखी हलकी झाली.

"सर, गार्ड नहीं?" मी विचारलं.

"अरे मॅडम, तीन आदमी बंदूक लेके खड़े रहेंगे, उनका खाना, उनका जहाज़ पे चढ़ना-उतरना। पुतले खड़े करवा देंगे। पुराने कपड़ों में भूसा भर के। दूर से क्या पता चलता है?" आणि मग माझ्याकडे बघून, अगदी आपुलकीनं, "आपका तो देवर है उसपे। घर का आदमी है। मैं कोई रिस्क लूँगा?"

मला तेव्हाच संशय आला. माझा दीर त्यांनी तराजूत कुठल्या पारड्यात टाकला, हे मला कळेना. पण कचोरीची बशी पुढे आली होती, ती मी घेतली.

एक अडचण होती. अशा पाण्यातून जायचं असेल तर जहाजावरच्या प्रत्येक माणसाला विचारावं लागतं. नको म्हणायचा त्याला हक्क असतो, आणि नको म्हटलं तर कंपनीनं त्याला बंदरात उतरवून घरी पाठवायचं असतं. एकवीस माणसं. कुणी पाळीवर, कुणी झोपलेला, कुणाला इंग्रजी कागद कळत नाही म्हणून सही करत नाही. कप्तान निरोपांवर निरोप पाठवत होता की आठच सह्या झाल्या, नऊच झाल्या. जहाज बंदराबाहेर नांगर टाकून उभं, आणि उभं जहाज म्हणजे मालकांचा मुंबईहून दर तासाला फोन. भदौरिया सरांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा बघितला. मला त्यांची दया आली, हे खरं सांगायला हवं.

आणि इथं मी माझी हुशारी दाखवली.

आमच्या मराठी मंडळाची मी तेव्हा चिटणीस होते. गणपतीत महाप्रसादाला किती पानं हे आधी कळायला हवं म्हणून दरवर्षी पत्रक जायचं, येणाऱ्यांनी आकडा कळवावा. शहराच्या लष्कर भागातले मराठी लोक सगळं करतील, पण पत्राला उत्तर देणार नाहीत. एका वर्षी चाळीस लोकांनी कळवलं आणि अडीचशे आले. मसालेभात पुरला नाही आणि माझी अब्रू गेली. पुढच्या वर्षी मी पत्रकाच्या तळाशी एकच ओळ बदलली: न येणाऱ्यांनीच कळवावे. झालं. ज्यांनी कळवलं नाही ते सगळे मोजले, अंदाज बरोबर निघाला, आणि अध्यक्षांनी भर सभेत माझं कौतुक केलं. तेव्हापासून मंडळाची प्रत्येक गोष्ट, सहल असो की वर्गणीवाढ, मी तशीच विचारायची. लोक गप्प बसायचे आणि काम व्हायचं.

मी सरांना म्हटलं, "सर, उलटा पूछते हैं।" जागच्या जागी कागद टाईप केला. जहाज अमुक तारखेला धोक्याच्या पाण्यातून जाणार आहे. ज्यांची हरकत असेल त्यांनी खाली नाव लिहावं. चोवीस तासांत नाव न लिहिणाऱ्यांची संमती आहे असं समजण्यात येईल. खाली एकवीस कोऱ्या ओळी आखल्या, म्हणजे जागा नव्हती असं कुणी म्हणायला नको. आणि सगळ्यांना कळावं म्हणून हाच मजकूर हिंदीतही केला. शब्द सोपे केले, ओळी मोठ्या केल्या. इतका सुबक कागद त्या कचेरीतून कधी गेला नसेल.

"कमाल है, मॅडम," सर म्हणाले. त्या दिवशी गुरुवार असून कचोऱ्या आल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी कागद परत आला. जहाजावरून काढलेलं त्याचं चित्र माझ्या पडद्यावर उमटलं. एकवीसच्या एकवीस ओळी कोऱ्या. उजव्या कोपऱ्यात कुणाच्या तरी तेलकट अंगठ्याचा ठसा, एवढंच. सोबत कप्तानाची एक ओळ: हरकत आलेली नाही, निघतो. मी ते चित्र मोठं करून, करून बघितलं. एकवीस माणसांत एकालाही भीती वाटत नाही? आपल्या मंडळात साध्या सहलीला सुद्धा चौघांच्या हरकती असतात. मला वाटलं, कप्तानानं कागद कुणाला दाखवलाच नसणार. आपल्या खोलीत ठेवून घेतला असणार, वर मुद्दाम तेलाचा ठसा मारला असणार. मी सरांना तसं सुचवलं. ते माझ्याकडे कौतुकानं बघत म्हणाले, "आप तो सीआयडी में जातीं, मॅडम।" तक्त्याच्या शेवटच्या चौकटीत 'सर्व खलाशी तयार' असं लिहायचं होतं. ते मी लिहिलं.

संध्याकाळी विलासचा फोन आला. आखातात शिरायच्या आधीचा शेवटचा. माझ्या मोबाइलवर, मी कचेरीतून उतरत असताना. खाली रस्ता दिसत नव्हता, नुसते दिवे पांढऱ्यात तरंगत होते.

"वहिनी, तिकडे मटार आले का हो बाजारात?"

मटार! जन्मात कधी यानं भाजीची चौकशी केली नव्हती. मी म्हटलं, "आले. तीस रुपये झाले आता."

"कोहरा आहे?"

"आहे की. तुला कसं कळलं?"

"टेम्पोचे हॉर्न ऐकू येऊन राहिलेत." मग तो उगाच हसला. "बाकी सब बढ़िया. जेवण ठीक आहे. तुमची तब्येत?"

त्याचं ते हसणं मला खोटं वाटलं. मला विचारायचं होतं की कागद तुझ्यापर्यंत आला होता का. पण फोन कप्तानाच्या खोलीतून असेल, तो शेजारी उभा असेल, आणि विलास अडचणीत येईल, अशी शंका मनात आली. मी विचारलं नाही. तोही मधेच थांबला. पाच-सहा सेकंद नुसती खरखर. मला वाटलं लाईन गेली. आता मला वाटतं, तो माझ्या बोलण्याची वाट बघत होता. मी म्हटलं, "स्वेटर घालतोस ना रे?" इंजिनखोलीत चाळीस-पंचेचाळीस अंश तापमान असतं, हे मी स्वतःच्या हातानं तक्त्यांत लिहीत असे.

अनिता, विलासची बायको, रोज स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता विचारायची, "ताई, कुठवर आली बोट?" मी कचेरीत असताना जहाजाचा हिरवा ठिपका संगणकावरच्या नकाशावर बघून यायची आणि तिला सांगायची. मग एका दिवशी ठिपका गेला. चाच्यांना कळू नये म्हणून जहाज आपला ठावठिकाणा सांगणारं यंत्र बंद करतं, हे मला माहीत होतं. तरी मी तो नकाशा पुन्हा पुन्हा उघडून बघितला. घरी येऊन अनिताला सांगितलं की कोहऱ्यामुळे नेट चालत नाही, दोन-चार दिवसांत दिसेल. ती माझ्याकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी बघत राहिली. "बरं, ताई," म्हणाली. तिनं ते खरं मानलं नाही, हे मला तिथल्या तिथं कळलं, आणि मला तिचाच राग आला. खोटं मी बोलत होते आणि राग तिचा.

पाचव्या दिवशी ठिपका परत आला. त्याच्या आधी अहवाल आला. पहाटे दोन जलद होड्या मागे लागल्या. पुतळ्यांना त्यांनी भीक घातली नाही. कप्तानानं जहाज पूर्ण वेगात वेडंवाकडं हाकलं, आणि सगळ्यांना सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत घालून लोखंडी दार आतून बंद केलं. नऊ तास. होड्या मागे फिरल्या की कुणी वर चढलंय, हे आत कळायला मार्ग नव्हता, म्हणून नऊ तास. त्याचा गोषवारा मालकांसाठी मला करायचा होता. ठरलेल्या चौकटी होत्या. जहाजाचं नुकसान: नाही. मालाचं नुकसान: नाही. विलंब: नाही. जखमी: नाही. चार वेळा नाही लिहिलं आणि पाठवून दिलं. भदौरिया सरांनी गजक मागवली. "देखा, मॅडम? बिना गार्ड के निकल गया।" ती गजक मी खाल्ली. छान खुसखुशीत होती. मला आजही त्याची लाज वाटते.

विलास चैत्रात घरी आला. काळा पडला होता, पण हसत-खेळत होता. घरातली सगळी दारं-खिडक्या सताड उघडी ठेवायचा. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात त्यात नवल काय? आम्हीही ठेवायचो. बाहेरच्या खोलीत दाराशी सतरंजी टाकून झोपायचा. उकडतं म्हणून झोपतो, असं आम्ही धरून चाललो. पुढच्या बोलावण्याला गेला नाही, म्हणाला बघू. पावसाळ्यातही बघूच म्हणाला. मग थंडी आली, कोहरा उतरला, आणि एका सकाळी उठून बघते तर बाहेरचं दार उघडं, घरात कोहरा शिरलेला, विलासची पोरगी रजईत कुडकुडत होती आणि हा दाराशी भिंतीला टेकून बसलेला. अनितानं दार लावलं. तो उठला आणि त्यानं ते पुन्हा उघडलं. ती रडायला लागली. तेव्हा कळलं की न्हाणीची कडीसुद्धा तो लावत नाही. आंघोळीला गेला की अनिता बाहेर राखण करते, आणि हे आठ-नऊ महिने चाललं होतं. मी, जी दूधवाल्याच्या मापावरून नजर काढत नाही, मला घरातल्या घरात हे दिसलं नव्हतं.

आता तो पाटणकर बाजाराजवळ एका दुकानात पंपांच्या जळालेल्या मोटारी तारेनं पुन्हा बांधतो. दुकानाला शटर आहे, दार नाही. कमाई जहाजावरच्या चौथ्या हिश्शाचीही नाही. पोरीची इंग्रजी शाळा सुटली. अनितानं शिवणाचं मशीन घेतलं. घरात कुणी त्याबद्दल बोलत नाही, आणि मी तर मुळीच नाही. कंपनी मी सोडली. सगळ्यांना सांगितलं की तिसरा मजला, गुडघे. सरांनी निरोपाला शाल दिली आणि म्हणाले, "आपका वो फॉर्म तो अब तीनों जहाज़ों पे चलता है, मॅडम।"

गेल्या दसऱ्याला मंडळात एक वयस्कर गृहस्थ बोलत होते. जुन्या दरबारी रीती सांगत होते. मोहीम अवघड असली की तबकात विडा ठेवायचे, आणि ज्याला जायचं असेल तो सगळ्यांसमोर पुढे होऊन उचलायचा. लोक टाळ्या वाजवत होते. उचलणाऱ्यांच्या शौर्याचं वर्णन चाललं होतं. मी मागच्या रांगेत बसून न उचलणाऱ्यांचा विचार करत होते. कितीतरी जण बसूनच राहत असतील, खाली मान घालून. त्यांना कमीपणा येत असेल, घरी बायका बोलत असतील. पण विडा उचलला नाही म्हणजे उचलला नाही, एवढं तरी नक्की असायचं. गप्प बसलेल्याला कुणी घोड्यावर बसवून देत नव्हतं. शेकडो मैलांवरून, कोळशाच्या शेगडीजवळ पाय शेकत, मी एकवीस जणांच्या हातात विडे कोंबले होते. मी कार्यक्रम संपायच्या आत उठून आले. चिटणीसपदाचा राजीनामा दिला. कारण विचारलं तर पुन्हा गुडघेच सांगितले.

तरी आतल्या आत माझी एक आशा शिल्लक होती, आणि ती आशाही संशयाचीच होती. कप्तानानं कागद दाखवला नसेल. विलासनं तो बघितलाच नसेल. मग दोष त्याचा, माझा नाही. तीन वर्षं मी त्या न बघितलेल्या माणसाला मनातल्या मनात उलटसुलट तपासत होते. आणि दुसरीकडून भीती होती की विलासला सगळं माहीत आहे. तो माझ्या हातचा चहा घेताना क्षणभर कपाकडे बघतो, त्याचा अर्थ काय? परवा "वहिनी, तुम्ही राहू द्या, मी बघतो" म्हणाला, ते साधं होतं की टोचून? आपणच आपल्या घरात हेर होऊन वावरावं, असं माझं झालं होतं.

मागच्या रविवारी नऊ दिवसांनी ऊन पडलं. अख्खं लष्कर गच्च्यांवर आलं. रजया, लोणच्याच्या बरण्या, म्हातारी माणसं, सगळं उन्हात. मी पाच किलो मटार घेऊन सोलायला बसले. विलासला सुट्टी होती. तो समोर येऊन मांडी घालून बसला आणि सोलू लागला. त्याच्या बोटांना वार्निशचा वास येत होता. किल्ला जागेवर होता. पोरगी खाली अभ्यास करत होती, अनिता मशीनवर होती. मला वाटलं, आज नाही तर मग मी हे मरेपर्यंत घेऊन बसणार.

"विलास," मी म्हटलं, "त्या वेळचा तो कागद. हरकत असेल तर नाव लिहा म्हणून. तुझ्यापर्यंत आला होता?"

त्यानं वर बघितलं नाही. "आला होता ना. मेसमध्ये जेवताना फिरवला. कप्तानानं वाचूनसुद्धा दाखवला, हिंदीत. भला माणूस होता तो. म्हणाला, ज्याला नको त्यानं बेशक लिहा, मी कुणाचं नाव खराब करणार नाही."

माझी तीन वर्षांची आशा त्या दोन वाक्यांत गेली. मी शेंग सोलायची थांबले.

"तो कागद मी लिहिला होता रे. कुणी सांगितलं नव्हतं. माझीच अक्कल. सह्या यायला उशीर होत होता म्हणून." मग मी थांबू शकले नाही. तक्ता सांगितला, पहारेकऱ्यांवरची रेघ सांगितली, गजकसुद्धा सांगितली. "मला माफ कर, असं म्हणायला तोंड नाही मला. पण तुला भीती वाटत होती तर तू नाव का नाही लिहिलंस? फोनवर तरी बोलायचं होतंस."

विलासनं पुढची शेंग उचलली. दाणे पातेल्यात पडत होते. बोलला तेव्हा आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

"लिहिणारच होतो, वहिनी. माझ्याकडे कागद आला तेव्हा पेन उघडून बसलो होतो. अर्धे लोक माझ्याकडेच बघत होते; एकानं लिहिलं असतं तर पाच-सहा जणांनी लिहिलं असतं. मग खाली बघितलं तर बारीक अक्षरात तुमचं नाव होतं. कचेरीच्या कागदावर असतं तसं, कागद बनवणारी म्हणून. मी म्हटलं, आमच्या वहिनी दूधवाल्यावरसुद्धा भरोसा ठेवत नाहीत. त्यांनी पाठवलंय म्हणजे सगळं बघून-तपासूनच पाठवलं असणार. शेजारच्यालाही तसंच सांगितलं, घरचं माणूस आहे ऑफिसमध्ये, काही काळजी नको. आणि पेन बंद करून कागद पुढे दिला."